पीएलसी : निवड कोणत्या घराण्याची?

कारखान्यातील यंत्रे कोणत्या क्रमाने चालवायची आणि केव्हा थांबवायची, हे ठरवणारा औद्योगिक संगणक म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर अर्थात पीएलसी. रिलेच्या अवजड पॅनेलना पर्याय म्हणून जनरल मोटर्सने १९६८ मध्ये प्रस्ताव मागवले. त्याच सुमारास डिक मोर्ले यांच्या चमूने 'मोडिकॉन ०८४' विकसित केला. सेन्सरकडून माहिती घेणे, प्रोग्रॅम तपासणे आणि मोटर वा व्हॉल्व्हला आदेश देणे, हे चक्र पीएलसी अखंड फिरवत असतो. हे सूत्र सर्वत्र सारखे असले, तरी घराणी वेगळी आहेत.

सिमॅटिक : जर्मनीच्या सीमेन्सची ही मालिका. लहान यंत्रांसाठी एस७-१२००, तर मोठ्या प्रकल्पांसाठी एस७-१५००. दोन्हींचे प्रोग्रॅमिंग 'टीआयए पोर्टल'मध्ये होते. संपर्कासाठी प्रामुख्याने प्रोफिनेट वापरले जाते.

लॉजिक्स : अमेरिकेच्या रॉकवेल ऑटोमेशनची, अॅलन-ब्रॅडली या नावाने विकली जाणारी श्रेणी. कंट्रोललॉजिक्स मोठ्या, तर कॉम्पॅक्टलॉजिक्स मध्यम कामांसाठी. येथे मेमरीतील पत्त्यांऐवजी नावांचे 'टॅग' वापरतात. इथरनेट/आयपी हे तिचे मुख्य नेटवर्क.

मेलसेक : जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकची मालिका. आटोपशीर यंत्रांसाठी एफएक्स, मोठ्या यंत्रणांसाठी आयक्यू-आर. याच कंपनीने २०१२ मध्ये पुण्याच्या मेसुंग समूहाचा औद्योगिक स्वयंचलन व्यवसाय ताब्यात घेतला.

आयईसी ६११३१-३ या मानकाने १९९३ मध्ये लॅडरसह पाच प्रोग्रॅमिंग भाषा निश्चित केल्या. तरीही एका कंपनीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या पीएलसीवर जसाच्या तसा चालत नाही. त्यामुळे एकदा केलेली निवड उद्योजकाला दीर्घकाळ बांधून ठेवते. अॅलन-ब्रॅडलीची पीएलसी-५ ही श्रेणी २०१७ मध्ये बंद झाली. सीमेन्सच्या लोकप्रिय एस७-३०० ची टप्प्याटप्प्याने निवृत्ती २०२३ मध्ये सुरू झाली. सुटे भाग मिळेनासे झाले, की एका कार्डाच्या बिघाडाने संपूर्ण उत्पादन ठप्प होऊ शकते.

म्हणूनच केवळ पीएलसीची किंमत पाहून निर्णय घेणे हिताचे नाही. इनपुट-आउटपुटची संख्या, सध्याच्या यंत्रांचे नेटवर्क, सॉफ्टवेअरच्या परवान्याचा खर्च, जवळपास उपलब्ध असणारे तंत्रज्ञ आणि सुट्या भागांच्या पुरवठ्याची मुदत, या पाच बाबी खरेदीपूर्वी लेखी तपासून घ्याव्यात.