घरातील घातक कचऱ्याची विल्हेवाट : वाराणसीच्या संदर्भात

वाराणसी शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग भदैनी येथील केंद्रातून, म्हणजे थेट गंगेतून उपसला जातो. वरुणा आणि अस्सी हे प्रवाह व शहरातील जुने नालेही याच नदीला मिळतात. त्यामुळे घरातील मोरीत ओतलेला रंग, थिनर किंवा कीटकनाशक अखेर कोठे पोहोचते, हा प्रश्न येथे केवळ स्वच्छतेपुरता मर्यादित राहत नाही.

गंगा कृती योजनेचा प्रारंभ १४ जून १९८६ रोजी वाराणसीतच झाला. त्यानंतर शहरात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. दीनापूर येथे २०१८ मध्ये दररोज १४ कोटी लिटर क्षमतेच्या नव्या केंद्राचे उद्घाटन झाले. मात्र अशा केंद्रांची रचना प्रामुख्याने सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी असते. पारा, शिसे, कॅडमियम हे धातू तेथे नष्ट होत नाहीत. ते पाण्यात किंवा गाळात शिल्लक राहतात.

घातक कचरा कोणता?

रंगाचे व कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या आणि वापरलेल्या सुया यांचा समावेश २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात केला होता. दर २० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एक संकलन केंद्र स्थापन करण्याची जबाबदारीही त्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली होती. त्यांची जागा घेणारे नियम १ एप्रिल २०२६ पासून अमलात येतील, असे जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाले. त्यांत ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार आहेत. वरील बहुतेक वस्तू चौथ्या प्रकारात मोडतात.

मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेल्या दुर्गा घाट, ब्रह्मा घाट परिसरातील गल्ल्यांत कचऱ्याची मोठी गाडी शिरू शकत नाही. तेथे कचरा हातगाडीने उचलावा लागतो. पिशवीतील सुई किंवा फुटलेली काच प्रथम सफाई कामगाराच्या हाताला लागते.

काय करावे?

सुया : झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत साठवाव्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. बाटलीवर ठळक अक्षरांत सूचना लिहावी.

पारा : थर्मामीटर फुटल्यास मुलांना दूर न्यावे, खिडक्या उघडाव्यात व हातातील सोन्याचे दागिने उतरवावेत. केरसुणीने पाऱ्याचे कण विखुरतात. म्हणून जाड कागदाने ते गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत.

औषधे : सर्वसाधारण औषधे मोरीत किंवा शौचालयात टाकू नयेत, ती परत घेणारे औषध दुकान किंवा संकलन केंद्र असल्यास तेथे द्यावीत. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत १७ औषधांचा मात्र अपवाद केला आहे. चुकून घेतल्यास किंवा दुरुपयोग झाल्यास प्राणघातक ठरू शकणारी, मुख्यतः तीव्र वेदनाशामक स्वरूपाची ही औषधे शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे त्यांत म्हटले आहे.

बॅटऱ्या : मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, ती दाबू किंवा टोचू नये. इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेत्याकडे परत करावी, तिच्यातील आम्ल ओतून टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्वापर ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

रंग व कीटकनाशके : उरलेला माल मूळ डब्यातच बंद ठेवावा. रिकामे डबे पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नयेत.

यांपैकी कोणतीही वस्तू जाळू नये. संकलनाची सोय जवळ नसल्यास असा कचरा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा स्वतंत्र डब्यात साठवावा आणि कामगाराला आत काय आहे हे सांगूनच तो वेगळा सुपूर्द करावा. काशीयात्रेला जाणाऱ्या भाविकांनी इन्सुलिनच्या सुया व बॅटऱ्या घाटावर किंवा धर्मशाळेच्या केरात न टाकता बंद बाटलीत परत आणाव्यात, हे अधिक सुरक्षित.