दूरदेशीची कीर्ती आणि घरचा सूर

कलावंताची कीर्ती स्वदेशाची सीमा ओलांडून जावी, ही आकांक्षा फार जुनी आहे आणि तीत गैर असे काही नाही. परंतु जी कीर्ती मिळविण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो, तिची किंमत कोणत्या नाण्यात चुकवावी लागते, हा प्रश्न टाळ्यांचा गजर चालू असता कोणास सुचत नाही. तो विचारण्याचे काम मागाहून इतिहासाकडे येते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न गिटार या वाद्याच्या आश्रयाने विचारावयाचा आहे. हे वाद्य आशिया खंडात बाहेरून आले. ते हाती घेऊन पुन्हा पश्चिमेस जाणे म्हणजे काशीच्या पंडितास संस्कृत शिकवावयास निघण्यासारखेच होय. तथापि असे धाडस करणारे निघाले, आणि त्यांतले काही आपल्या अगदी जवळचे होते.

प्रथम जपानचे उदाहरण घेऊ. १९६३ साली क्यू साकामोतो या तरुण गायकाचे एक जपानी गीत अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन पोहोचले. गीत सर्वस्वी जपानी भाषेत होते. डोळ्यांतले अश्रू खाली ओघळू नयेत म्हणून वर पाहत चालणाऱ्या एका दुःखी माणसाचे ते मनोगत. परंतु पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी त्याचे मूळचे नाव बदलून 'सुकियाकी' असे ठेविले. सुकियाकी हे गोमांसाच्या एका जपानी पक्वान्नाचे नाव असून त्याचा त्या गीताशी काडीचाही संबंध नाही. विरहाच्या एखाद्या लावणीस परदेशात 'पुरणपोळी' या नावाने प्रसिद्धी मिळावी, तशातला हा प्रकार. कीर्ती मिळाली खरी; पण नाव दाराबाहेर ठेवून आत जावे लागले.

पुढे वीस-बावीस वर्षांनी ओसाका शहरातील अकिरा ताकासाकी या गिटारवादकाने याहून बिकट वाट धरली. १९६१ साली जन्मलेल्या या वादकाने १९८१ मध्ये 'लाउडनेस' नावाचे पथक उभारिले. कर्णकर्कश, वेगवान आणि विजेच्या शक्तीने निनादणारे रॉक संगीत हे या पथकाचे क्षेत्र. ताकासाकीची बोटे इतकी चपळ, की त्या विद्येच्या माहेरघरीही जाणत्यांनी मान डोलवावी. १९८५ साली 'थंडर इन द ईस्ट' ही त्यांची ध्वनिमुद्रिका एका मोठ्या अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केली व ती तेथील यादीत ७४ व्या क्रमांकापर्यंत चढली. जपानी रॉक पथकास असे यश तोपर्यंत दुर्मिळ होते. परंतु त्याहून वर जाण्यास अडचण आली ती भाषेची. १९८८ साली मूळचा जपानी गायक मिनोरु नीहारा यास दूर करून त्याच्या जागी माइक व्हेसेरा हा अमेरिकन गायक घेण्यात आला. हेतू उघड होता; अमेरिकन श्रोत्यास इंग्रजी उच्चार खटकू नयेत. पण हा उपायही लागू पडला नाही. काही वर्षांतच तो गायक निघून गेला, आणि पुढे दहा-बारा वर्षांनी जुने चौघे सोबती पुन्हा एकत्र आले. दुसऱ्यासारखे होऊन दुसऱ्यास जिंकू पाहणाऱ्यास पुष्कळदा दोन्हीकडून उणे पडते, एवढाच या हकीकतीचा बोध.

आता आपल्याकडे वळू. परके वाद्य आपलेसे करणे ही गोष्ट महाराष्ट्रास नवीन नाही. आज विदर्भातील फुलसावंगीसारख्या गावी भजनाचा फड बसला म्हणजे पेटीवाचून कोणाचे चालत नाही. आणि ही पेटी, म्हणजे हार्मोनियम, मूळची युरोपची आहे, हे तेथे बसलेल्यांपैकी कोणाच्या मनातही येत नसेल. नाटकमंडळ्यांनी ती उचलली, कीर्तनकारांनी तिला मानाचे स्थान दिले. उलट १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर जी बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. सरकारी दप्तरात परकी आणि देवळात घरची, अशी तिची दुहेरी स्थिती तीस वर्षे होती. निकाल मात्र देवळाने दिलेलाच कायम झाला.

गोव्यात याहून वेगळा इतिहास घडला. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची प्रथा रुळली. प्रार्थनासंगीतासाठी दिलेल्या या शिक्षणाने पिढ्यान् पिढ्या उत्तम वादक निर्माण केले. आणि गावात पोट भरेना, तेव्हा ते मुंबईस आले. हॉटेलांतील नाचाची पथके, मूकपटांच्या वेळचे वाद्यवृंद, पुढे बोलपटांचे संगीत, या सर्वांचा कणा गोमंतकीय वादकच होते. अल्डोना येथे १९१६ साली जन्मलेले आंतोनियो शाविएर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने कर्णा वाजवीत, सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' या १९५१ च्या चित्रपटात त्यांचे पथक पडद्यावरही दिसते. मराठी संगीतकाराच्या चालीस गोमंतकीय कर्ण्याची ही जोड लाखो लोकांनी ऐकिली, पण वाजविणाऱ्याचे नाव थोड्यांसच ठाऊक झाले.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा याच जातीची. १९२७ साली जन्मलेल्या या व्हायोलिनवादकाने रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचा संगम घडविण्याचे मनावर घेऊन १९५८ साली मुंबईत एक भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे हे गायिले. तो प्रयोग दीर्घकाल चालू शकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेत सिरॅक्यूस विद्यापीठात गेले, आणि पुढे गोव्यास परतून १९१२ नव्हे, अगदी परवा-परवा २०१२ साली वारले. १९७७ साली त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका लोकप्रिय चित्रगीतात गुरूचे नाव गुंफिले, म्हणून ते नाव घरोघर पोहोचले. पण ते खरोखरच्या माणसाचे नाव आहे, हे कितीजणांस कळले?

या पार्श्वभूमीवर अमान्सियो डिसिल्वा यांचे चरित्र पाहिले पाहिजे. मुंबईत १९३६ साली गोमंतकीय आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. गिटार हेच त्यांचे वाद्य, आणि जॅझ ही त्यांची वाट. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांचे वादन ऐकून त्यांस एक उंची गिब्सन गिटार घेऊन दिली. संस्थानी राजाश्रयाने धृपद-ख्याल जगले हे आपण नेहमी म्हणतो. त्याच राजाश्रयाची मावळती किरणे एका जॅझ गिटारवादकावरही पडली, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक इतिहासात टिपून ठेवण्याजोगी आहे. १९६७ साली डिसिल्वा लंडनला गेले.

तो काळ अनुकूल होता. रविशंकर यांच्या सतारीने पाश्चात्त्य तरुणांस वेड लाविले होते, आणि बीटल्स मंडळींनी सतार आपल्या गीतांत आणिली होती. याच सुमारास कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच भारतीय पद्धतीचे व पाच जॅझचे वादक समोरासमोर बसवून एक नवीनच मेळ घडविला होता. त्याची 'इंडो-जॅझ सूट' ही ध्वनिमुद्रिका १९६६ साली निघाली. त्या मेळात तबल्यावर होते केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. मुंबईहून १९५६ साली विलायतेस गेलेले साठे पुढे जर्मनीत युरोपीय जॅझ वादकांबरोबर वाजले, आणि १९७७ साली जॉन रेनबर्न या इंग्रज गिटारवादकाच्या 'अ मेड इन बेडलम' या ध्वनिमुद्रिकेत जुन्या इंग्रजी लोकगीतांस त्यांनी तबल्याची साथ दिली. इंग्लंडच्या खेड्यातील जुनी गाणी आणि मुंबईच्या मराठी माणसाचा ठेका, असा हा योग होता.

डिसिल्वा यांच्या हाती तबला नव्हता, सतारही नव्हती. पौर्वात्य म्हणून ओळखले जाण्याची जी सोपी खूण, तीच त्यांच्यापाशी नव्हती. तेव्हा त्यांच्यासमोर दोन मार्ग होते. अमेरिकन उस्तादांचे हुबेहूब अनुकरण करावे, अथवा गिटारीवर सतारीचे सोंग आणावे. त्यांनी दोन्ही टाळले. डेनिस प्रेस्टन या निर्मात्याच्या देखरेखीखाली १९६९ साली त्यांची 'इंटिग्रेशन' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. डॉन रेंडेल आणि इयान कार हे इंग्लंडचे नामांकित वादक त्यांच्या साथीस होते. तीतील रचनांची नावे पाहावी. एक गंगेच्या नावाची, एक जयपूरची, एक महाराणीची, आणि एकीत आयरिश पत्नीच्या नावावर केलेला सुरेख श्लेष. त्याच वर्षी हॅरियट यांच्यासह 'हम दोनों' ही दुसरी निघाली. तिचे नाव सरळ हिंदुस्थानी आहे, आणि तीत गोव्यासाठी रचिलेले एक शांत, विलंबित गीतही आहे. जमैकाचा एक कृष्णवर्णी आणि मुंबईचा एक गोमंतकीय, असे साम्राज्याच्या दोन टोकांचे दोन पुत्र साम्राज्याच्या राजधानीत भेटतात आणि आपल्या भेटीस 'हम दोनों' असे नाव देतात, यातील अर्थ सांगण्यास भाष्यकार नको.

परंतु अनुकूल वारा फार दिवस वाहिला नाही. लोकांची सतारीची हौस ओसरली. रॉक संगीताच्या लाटेपुढे लंडनच्या जॅझ मंडळींस दिवस कठीण आले. हॅरियट १९७३ साली अकालीच वारले. १९७२ साली डिसिल्वा यांनी 'कोंकण डान्स' या नावाने केलेले ध्वनिमुद्रण तर प्रसिद्धच झाले नाही. ते २००६ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी, लोकांसमोर आले. आणि डिसिल्वा तर १९९६ सालीच निवर्तले होते. त्यांच्या १९७२ च्या ध्वनिमुद्रणांत तबल्यावर हेच केशव साठे होते. कोंकणाच्या नावाचे ते नर्तन तीन दशके विलायतेच्या कपाटात पडून राहिले.

विक्रीच्या यादीवरून पाहिले तर ताकासाकी यशस्वी आणि डिसिल्वा अयशस्वी ठरतात. परंतु यादी ही बाजाराची वही आहे; ती त्या आठवड्यापुरते खरे सांगते. डिसिल्वा यांच्या मुद्रिका पुढे दुर्मिळ झाल्या, जाणत्यांनी त्या शोधून शोधून जपल्या, आणि पुन्हा प्रसिद्ध होताच नवीन पिढीने त्या कान देऊन ऐकिल्या. याचे कारण त्यांच्यात कोणाची नक्कल नाही. ताकासाकीच्या अंगी कौशल्य कमी होते असे कोणी म्हणणार नाही. ज्या दिवशी त्याच्या पथकाने स्वतःचा कंठ बदलला, त्या दिवशी त्याने परक्याच्या मैदानात परक्याच्या नियमांनी झुंजण्याचे कबूल केले, एवढेच. डिसिल्वा यांनी वाद्य परके घेतले, पण त्यावर आठवण आपली वाजविली.

या बाबतीत आपल्याकडेही थोडा दोष येतो. गोमंतकीय वादक पाश्चात्त्य वाजवितो, म्हणून तो आपल्या संगीताच्या इतिहासात बसत नाही. आणि भारतीय आहे, म्हणून पश्चिमेच्या इतिहासात तळटिपेपुरताच उरतो. साठे, पैगणकर, गोन्साल्विस, डिसिल्वा ही नावे आपल्या संगीतचर्चेत कितीदा येतात? ज्या समाजाने पेटी आपली म्हटली, त्याने त्या पेटीसारखेच परदेशातून आलेल्या वाद्यांवर आयुष्य वेचणारी आपली माणसे परकी का मानावीत, हे कळत नाही.

आज खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती गिटार आली आहे, आणि एके काळी ज्या मुद्रिका लंडनमध्येही मिळत नसत, त्या आता खिशातील दूरध्वनीवर ऐकता येतात. या मुलांपैकी कोणास दूरदेशीच्या कीर्तीची ओढ लागली, तर त्यास कोणी अडवू नये. त्याने ताकासाकीची बोटांची मेहनत अवश्य घ्यावी. ती घेतल्यावाचून पुढची गोष्टच नाही. पण समुद्र ओलांडताना गाठीस काय बांधावे, हे मात्र त्याने डिसिल्वा यांच्यापासून शिकावे.