'आठ प्रकरणां'तील मनुष्य

इ. स. ११६८ मध्ये इजिप्तमध्ये एका यहुदी पंडिताने 'मिश्ना' या आपल्या परंपरेतील विधिसंहितेवरील भाष्य पुरे केले. लिपी हिब्रू, परंतु भाषा अरबी. या संहितेतील 'अवोत' नामक नीतिवचनांच्या भागाला त्याने जोडलेली प्रस्तावना पुढे 'आठ प्रकरणे' या नावाने स्वतंत्रपणे वाचली जाऊ लागली. हा पंडित म्हणजे मोझेस मायमोनिडीज (११३८-१२०४). मनुष्यस्वभावाविषयीच्या यहुदी विचाराला इस्लामी तत्त्वचिंतनाने काय दिले, हे पाहावयाचे तर या लहानशा ग्रंथाइतके सोयीचे स्थळ आम्हांस दुसरे दिसत नाही.

यातील विचार आपले स्वतःचे नाहीत, हे ग्रंथकार आरंभीच सांगून टाकतो. ते यहुदी आचार्यांचे आहेत, तसेच प्राचीन व अर्वाचीन तत्त्वज्ञांचेही आहेत. सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी ते स्वीकारावे, अशी त्याची भूमिका आहे. मात्र नावे तो देत नाही. एखादे नाव न रुचल्यामुळे वाचक त्या विचारालाच दूषित मानील, अशी त्याला शंका वाटते. हे न सांगितलेले नाव कोणते? १९६३ साली हर्बर्ट डेव्हिडसन यांनी ग्रंथ ताडून दाखवून दिले की, अनेक ठिकाणी मायमोनिडीजसमोर अल्-फाराबी (मृत्यू ९५०) या मुसलमान तत्त्वज्ञाचा राज्यनीतिविषयक सूत्रग्रंथ होता.

आत्मा एकच, पण त्याच्या शक्ती पाच : पोषण, संवेदन, कल्पना, वासना व बुद्धी. देहाप्रमाणे आत्म्यालाही आरोग्य व रोग असतात. सद्गुण हा दोन टोकांमधील मध्य होय. उधळेपणा व कृपणता यांच्यामध्ये औदार्य असते. कोणीही जन्मतः सद्गुणी वा दुर्गुणी नसतो. जन्मतः असतो तो केवळ कल. हे सारे मुळात ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले. यहुदी पंडिताच्या हाती ते अरबीतून आले. मात्र फाराबीच्या ग्रंथात आत्म्याचा वैद्य हा राज्यकर्ता आहे, तर मायमोनिडीजच्या ग्रंथात तो ज्ञानी आचार्य आहे. ज्या समाजाला स्वतःचे राज्य नव्हते, त्याच्या विचारात हा पालट स्वाभाविकच म्हणावा लागेल.

खरा पेच सहाव्या प्रकरणात आहे. ज्याला दुष्कृत्याची इच्छाच होत नाही तो श्रेष्ठ, की इच्छा होऊनही जो तिला आवरतो तो? तत्त्वज्ञ पहिल्याला श्रेष्ठ मानतात. यहुदी आचार्यांची वचने दुसऱ्याच्या बाजूची दिसतात. मायमोनिडीज दोहोंपैकी कोणालाच टाकून देत नाही. हत्या, चोरी, कृतघ्नता यांची इच्छा होणे हीच आत्म्याची उणीव. येथे तत्त्वज्ञांचे खरे. परंतु आहारादिकांचे जे निषेध केवळ धर्माज्ञेमुळे पाळावयाचे, त्यांच्या बाबतीत इच्छा असून संयम करणाराच थोर. अशा रीतीने उसन्या घेतलेल्या मानसशास्त्राच्या साहाय्याने तो आपल्याच परंपरेतील वचनांचा अर्थ लावतो. यालाच आम्ही प्रभाव म्हणतो. अनुकरण याहून वेगळे.

येथे एक गोष्ट विसरता येणार नाही. ११४८ मध्ये अल्मोहाद सत्तेने कॉर्डोव्हा जिंकले व त्यांच्या असहिष्णु राजवटीमुळे मायमोनिडीजच्या कुटुंबाला ते नगर सोडावे लागले. त्याच मायमोनिडीजने पुढे आपला अनुवादक शमुवेल इब्न तिब्बोन याला कळविले की, तर्कशास्त्रात फाराबीचे ग्रंथ वाचावेत, इतरांची गरज नाही. राज्यकर्त्यांनी केलेल्या अन्यायाचा हिशेब त्याने तत्त्वज्ञाच्या नावे मांडला नाही. सत्य कोणाचेही असो, ते घ्यावे, हे सांगणे सोपे; ज्याचे घर गेले त्याने ते आचरून दाखविले, यातच त्या वाक्याचे मोल आहे.