किनेक्ट : खेळासाठी घडलेला, खेळापलीकडे गेलेला डोळा

किनेक्ट हे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स या घरगुती व्हिडिओ गेम यंत्राला जोडावयाचे, खेळाडूच्या शरीराच्या हालचाली टिपणारे कॅमेरा-उपकरण होय. हातात काहीही न धरता, केवळ अंगविक्षेपांनी व आवाजी आज्ञांनी खेळ खेळता यावा, हा त्यामागील हेतू. १ जून २००९ रोजी ‘प्रोजेक्ट नाताल’ या नावाने ते जगासमोर आले. ब्राझीलमध्ये जन्मलेले अभियंते अ‍ॅलेक्स किपमन यांनी त्या देशातील नाताल शहराचे नाव त्याला दिले होते. आपल्याकडील ‘नाताळ’ हा शब्दही त्याच पोर्तुगीज शब्दाचा. ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत त्याची विक्री सुरू झाली.

कॅमेऱ्यावर चालणारे खेळ तत्पूर्वीही होते. सोनीचे आयटॉय २००३ मध्ये आले. परंतु त्यातील साध्या कॅमेऱ्याला सपाट चित्रच दिसे. निन्टेंडोच्या वी यंत्राने २००६ मध्ये हालचालींचा खेळ लोकप्रिय केला, मात्र त्यासाठी रिमोट हाती धरावा लागे. किनेक्टचे वेगळेपण असे की, समोरची वस्तू किती अंतरावर आहे हे त्याला कळत असे.

प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीच्या तंत्रज्ञानावर ते आधारलेले होते. उपकरणातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे असंख्य ठिपके खोलीभर पसरविले जात. जवळच्या व दूरच्या वस्तूंवर पडताना ठिपक्यांची मांडणी ठरावीक रीतीने सरके. अवरक्त कॅमेरा हा फरक टिपी आणि त्यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढले जाई. सोबत एक रंगीत कॅमेरा व चार मायक्रोफोन असत. अंतराच्या या नकाशातून मानवी देह ओळखण्याचे काम मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी साधले. वेगवेगळ्या बांध्यांच्या व पवित्र्यांच्या असंख्य चित्रांवर संगणकाला शिकवून त्यांनी शरीराचे भाग ओळखण्याची रीत बसविली. खेळाडूच्या देहातील वीस सांध्यांची जागा यंत्र क्षणोक्षणी ठरवू लागले.

पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले आणि सर्वाधिक वेगाने खपलेले ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हा बहर मात्र टिकला नाही. खेळाडूने सहा ते आठ फूट दूर उभे राहावे लागे. लहान घरांत तेवढी मोकळी जागा कोठून असणार? हालचाल आणि पडद्यावरील प्रतिसाद यांत किंचित विलंब होई. नृत्य व क्रीडाप्रकारांना ते शोभले, परंतु अचूक नियंत्रण मागणाऱ्या खेळांना मानवले नाही.

२०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसोबत सुधारित किनेक्ट सक्तीने देण्यात आले. त्यामुळे यंत्राची किंमत ४९९ डॉलर झाली. प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन ४ चे मोल ३९९ डॉलर होते. किनेक्ट जोडल्याशिवाय यंत्र चालणारच नाही, असे आरंभी जाहीर झाल्याने दिवाणखान्यात सदैव जागा असलेल्या कॅमेऱ्याविषयी लोकांत शंका उत्पन्न झाली. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या पाळतीची प्रकरणे त्याच सुमारास उघड होत होती. कंपनीने ती अट मागे घेतली. जून २०१४ पासून किनेक्टविना यंत्र मिळू लागले आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबले.

तोवर या उपकरणाला दुसरे आयुष्य लाभले होते. विक्री सुरू होताच न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूट या कंपनीने, ते संगणकाला जोडणारी खुली आज्ञावली लिहिणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. आठवड्याभरातच स्पेनच्या हेक्टर मार्टिन यांनी ते पटकावले. आरंभी नाराज झालेल्या मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये स्वतःच संशोधकांसाठी साधने खुली केली. रोबोटला वाट दाखविणे, रुग्णांच्या व्यायामावर लक्ष ठेवणे, निर्जंतुक हातमोजे न काढता शल्यचिकित्सकांना क्ष-किरण चित्रे चाळता येणे, अशा कामी दीडशे डॉलरचे हे उपकरण आले. त्यापूर्वी अंतर मोजणारे कॅमेरे सामान्य प्रयोगशाळांच्या आवाक्याबाहेर होते.

प्राइमसेन्स कंपनी २०१३ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतली. आयफोन टेन या २०१७ मधील फोनात मालकाचा चेहरा ओळखण्यासाठी अवरक्त ठिपक्यांचेच तंत्र वापरले गेले. दिवाणखान्यात नाकारलेला डोळा असा खिशात येऊन बसला. तो काय पाहतो आणि पाहिलेले कोठे साठविले जाते, हे ग्राहकांनी २०१३ मध्ये विचारलेले प्रश्न प्रत्येक नव्या उपकरणापुढे आजही तितकेच लागू आहेत.