गच्चीखालची शाळा

प्रोजेक्टसाठी सहा महिने फिलाडेल्फियात होतो. एका शुक्रवारी टीमने मला दक्षिण फिलाडेल्फियातल्या ‘बोक’च्या गच्चीवर नेलं. आठ मजली जुनी इमारत, वर बार, समोर अख्खं शहर. बिअर पिताना शेजारचा सहकारी सहज म्हणाला, ‘‘माझा मामा इथे सुतारकाम शिकला.’’

मग मी वाचत बसलो.

या शहराचं सेंट्रल हायस्कूल १८३८चं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या सरकारी हायस्कुलांपैकी एक. बोक १९३८चं. महामंदीत रूझवेल्ट सरकारच्या पैशातून बांधलेलं तंत्रशाळेचं हे घर. नाव एडवर्ड बोक या संपादकाचं. हा डच स्थलांतरितांचा मुलगा, लहानपणीच शाळा सोडून कामाला लागलेला!

७ मार्च २०१३ रोजी एका बैठकीत २३ शाळा बंद करायचं ठरलं, त्यात बोकही होती. ठरवणारं मंडळ पाच जणांचं, तिघे गव्हर्नरने नेमलेले, दोघे महापौरांनी. २००१ साली राज्याने शहराच्या शाळा ताब्यात घेतल्या होत्या, त्यामुळे पालकांना या पाचांना मत देऊन घालवण्याची सोयच नव्हती. त्या दिवशी विरोध करणाऱ्यांत शिक्षक संघटनेच्या राष्ट्रीय अध्यक्ष रँडी वाइनगार्टन यांनाही अटक झाली.

कारण दिलं गेलं रिकाम्या बाकांचं आणि तिजोरीतल्या खड्ड्याचं. दोन्ही खरी होती. १९९७च्या कायद्यानंतर चार्टर शाळा वाढल्या आणि मुलांमागचा पैसा तिकडे गेला. पण मुलं प्रत्येक वर्गातून दोन-चार अशी जातात. शिक्षक तेवढेच लागतात, बॉयलरही तोच. आमच्या भाषेत, लोड निम्मा झाला म्हणून सर्व्हरचं भाडं निम्मं होत नाही. राज्याने अनुदानही कापलं होतं. त्या उन्हाळ्यात साडेतीन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्या.

जर्मनटाउन हायस्कूल १९१४चं. शंभरी एका वर्षाने हुकली. तिथली मुलं मार्टिन ल्यूथर किंग हायस्कुलात गेली, म्हणजे फुटबॉलमधल्या जुन्या वैऱ्यांकडे. दोन्ही संघांचा एक संघ झाला. त्यावर माहितीपटही निघाला, पण मला जास्त छळते ती युनिव्हर्सिटी सिटी हायस्कूलची गोष्ट. ‘ब्लॅक बॉटम’ नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती साठच्या दशकात उठवली आणि त्या जागेवर पुढे ही शाळा उभी राहिली. २०१३ला तीही बंद. जागा ड्रेक्सेल विद्यापीठाने घेतली, इमारत पाडली. एकाच जमिनीवरून दोनदा जाणं.

बोक पाडली नाही, विकली. आता वर्गांत स्टुडिओ आणि कारखाने आहेत, भाड्याने. इमारत वाचली हे बरंच झालं, असं मला अजूनही वाटतं. त्या गच्चीवर मीही दोन बिअर प्यायलो आहे.

पुढच्या आठवड्यात सहकाऱ्याला विचारलं, मामा कधी वर आला होता का?

‘‘एकदा आणलं होतं. खालच्या दारापर्यंत आला, म्हणाला, तुम्ही जाऊन या.’’