गिरणीचे कापड आणि मुंबईचे फॅशन छायाचित्रण

मुंबईतील फॅशन छायाचित्रणाचा इतिहास बहुधा नियतकालिकांच्या मुखपृष्ठांच्या आधारे सांगितला जातो. परंतु या व्यवसायाला पैसा कोणी पुरवला हे पाहू लागले, की त्याचे मूळ कापडगिरण्यांच्या जाहिरात खात्यात अधिक ठळकपणे सापडते. एडवर्ड स्टायकेन यांनी १९११ मध्ये पॉल प्वारे यांच्या पोशाखांची काढलेली छायाचित्रे हा आधुनिक फॅशन छायाचित्रणाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे, आणि पुढे पॅरिस व न्यूयॉर्क येथे पोशाखाचा रचनाकार आणि ‘व्होग’सारखी मासिके यांच्या देवघेवीतून ही कला वाढत गेली. मुंबईत मात्र विकायचा माल होता तो वारावर, नंतर मीटरवर मोजला जाणारा. तो शिवणार होता गल्लीतला शिंपी, त्यामुळे छायाचित्राला पोशाखाच्या बेतापेक्षा ताग्याची जाहिरात करावी लागे, आणि या एका फरकाने येथील छायाचित्रकाराचे स्थान दीर्घकाळ ठरवून टाकले.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी केली, तेव्हा बाजारात मँचेस्टरचा माल होता, आणि त्या मालाच्या ताग्यांवर शिळाछापाची, म्हणजे दगडी पाट्यांवरून रंगांचे थर चढवत छापलेली, चित्रे चिकटवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. व्यापारात ‘तिकीट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चित्रांत देवदेवता, राजे आणि सुंदर स्त्रिया असत. कापड अंगावर कसे दिसेल हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती, कारण अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला नेमका तोच माल पुन्हा ओळखता यावा एवढेच त्यांचे काम होते. भारतीय गिरण्यांनीही ती रीत उचलली.

कापडाकडून अंगाकडे हा प्रवास घडवला तो जाहिरात संस्थांनी. जे. वॉल्टर थॉम्पसन या अमेरिकी संस्थेने १९२९ मध्ये मुंबईत कार्यालय थाटले, लिंटास १९३९ मध्ये आली, आणि दरम्यान १९३५ मध्ये सर ज. जी. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाल्याने या संस्थांना लागणारा चित्रकारवर्ग शहरातच तयार होऊ लागला. याच वर्गातून आर्ट डायरेक्टर हे पद आकाराला आले. मजकूर लिहिणाऱ्याबरोबर बसून जाहिरातीची कल्पना ठरवणे, तिचा आराखडा, म्हणजे ले-आउट, हाताने रेखाटणे, आणि त्या आराखड्यातील मोकळ्या चौकटीत काय असावे याचा निर्णय घेणे हे त्याचे काम होते. ती चौकट भरण्यासाठी आरंभी चित्र आणि नंतर छायाचित्र लागे. अशा व्यवस्थेत छायाचित्रकार बोलावला जाई तो बरेच काही ठरून गेल्यावर, आणि त्याच्या कौशल्याची कसोटी आराखड्याशी प्रामाणिक राहण्यात असे.

‘टाइम्स’ समूहाचे ‘फेमिना’ १९५९ मध्ये निघाले आणि १९६४ पासून त्याच्याशी मिस इंडिया स्पर्धा जोडली गेली, तेव्हा मॉडेल नावाच्या नव्या व्यावसायिकाला चेहरा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळाली. तरीही मोठे मोबदले गिरण्यांकडूनच येत होते. कृत्रिम धाग्याच्या सूटिंग-शर्टिंगने आणि छापील साड्यांनी गिरण्यांमधली चढाओढ तीव्र केली, आणि विमल, बॉम्बे डाइंग, रेमंड ही नावे पानभर रंगीत छायाचित्रांतून घराघरांत पोचली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरणगाव उद्ध्वस्त होत असतानाही कापडाच्या जाहिरातींतले झगमगते जग मंदावले नाही, ही त्या दशकाची विसंगती छायाचित्रणाच्या इतिहासकारानेही नजरेआड करू नये.

कापडाचे छायाचित्र घेण्याचे तंत्र दिसते त्याहून बिकट होते. विणीचा पोत उठून दिसावा म्हणून प्रकाश बाजूने द्यावा लागे, पण तोच प्रकाश मॉडेलच्या चेहऱ्यावर कठोर सावल्या पाडी. साडीचे काठ आणि पदर, तसेच नक्षीची पुनरावृत्ती, एकाच चौकटीत बसवावी लागे. सैल कापड पाठीमागून चिमट्यांनी आवळले जाई आणि पंख्याच्या वाऱ्याने पदर उडवला जाई. रंगीत छपाईसाठी ट्रान्स्परन्सी, म्हणजे थेट धन प्रतिमा देणारी पारदर्शक फिल्म, वापरत. तिच्यात प्रकाशाचे माप थोडे जरी चुकले तरी ते नंतर सावरणे कठीण असल्याने आधी पोलरॉइडवर चाचणी घेतली जाई, आणि आर्ट डायरेक्टरने मान डोलावल्यावरच खरी फिल्म कॅमेऱ्यात चढे.

या शिस्तीत वाढून तिच्या बाहेर पडलेल्यांत गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे नाव अग्रभागी येते. रसायनशास्त्राची पार्श्वभूमी असलेले राजाध्यक्ष १९७४ मध्ये लिंटासच्या छायाचित्र विभागात आले, १९८० च्या सुमारास चित्रपट कलावंतांची छायाचित्रे घेऊ लागले आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून स्वतंत्र झाले. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे संपादन आणि ‘बेखुदी’ (१९९२) या चित्रपटाचे लेखन ही त्यांची कामे फावल्या वेळचा छंद म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. चित्र, शब्द आणि व्यक्तिरेखा यांचा एकत्रित विचार करणारा छायाचित्रकार, ज्याला आज क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हटले जाते, त्याची पूर्वखूण तेथे आढळते.

त्या पदाला बाजारपेठ मिळाली ती तयार पोशाखामुळे. दिल्लीत १९८६ मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, १९८७ मध्ये मुंबईत ‘आन्साम्ब्ल’ हे अनेक रचनाकारांचे कपडे एका छताखाली विकणारे दुकान उघडले, १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर १९९६ मध्ये ‘एल’ आणि २००७ मध्ये ‘व्होग’ यांच्या भारतीय आवृत्त्या निघाल्या. रचनाकाराकडे गिरणीएवढा पैसा नव्हता आणि जाहिरात संस्थाही नव्हती. त्यामुळे स्थळ, मॉडेल, केशभूषा आणि एकूण कल्पना यांची जुळवाजुळव अनेकदा छायाचित्रकारालाच करावी लागली, आणि मोबदल्याच्या तुटवड्यातून अधिकार आला.

अधिकाराबरोबर जोखीमही आली. एका बुटांच्या जाहिरातीसाठी प्रबुद्ध दासगुप्ता यांनी मिलिंद सोमण आणि मधु सप्रे यांचे अजगरासह घेतलेले विवस्त्र छायाचित्र १९९५ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात सापडले, आणि निर्दोष सुटकेचा निकाल लागला तो २००९ मध्ये. कायद्याने छायाचित्रकाराला कर्ता मानले असले तरी मालकीच्या बाबतीत कायदा इतका उदार नाही: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो.