मातीच्या जमिनीवर जवसाच्या तेलाचा थर: रवांडातली ‘अर्थएनेबल’ नेमकं काय करते?

स्वस्त घर म्हटलं की आधी भिंती आणि छप्पर आठवतं. पण रांगणारं बाळ दिवसभर असतं ते जमिनीवर. ती जमीन उघड्या मातीची असेल, तर जंतू आणि जंतांची अंडी हाताला लागून थेट तोंडात जातात. गायत्री दातार यांनी घराचा हाच भाग निवडला.

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एमबीए करताना दातार यांनी ‘डिझाइन फॉर एक्स्ट्रीम अफोर्डेबिलिटी’ हा विषय घेतला. यात वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून गरीब कुटुंबांच्या एखाद्या अडचणीवर परवडणारा उपाय शोधतात. त्यांच्या गटाचं काम होतं रवांडातल्या घरांवर. तिथल्या खेड्यांत बहुतेक घरांची जमीन मातीचीच होती. काँक्रीट बहुतेकांच्या खिशाला परवडणारं नव्हतं. पदवीनंतर दातार रवांडात राहायला गेल्या आणि २०१४ च्या सुमारास ‘अर्थएनेबल’ उभी राहिली.

जमिनीने एवढा फरक पडतो?

याचं मोठं उदाहरण मेक्सिकोचं. तिथल्या कोआहुइला राज्यात सरकारने ‘पिसो फिर्मे’ या योजनेतून गरीब घरांत सिमेंटची जमीन करून दिली. त्यावरच्या अभ्यासात दिसलं, की घरातली सगळी मातीची जमीन बदलली तर लहान मुलांमधला जंतांचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो.

मग सिमेंटच का नाही?

एक कारण किंमत. दुसरं पर्यावरण. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. अर्थएनेबलच्या म्हणण्यानुसार त्यांची जमीन काँक्रीटपेक्षा सुमारे ७५ टक्के स्वस्त पडते.

ही जमीन बनते कशी?

आधी खडीमिश्रित थर घालून तो ठोकून घट्ट करतात. त्यावर वाळू आणि चिकणमातीचं मिश्रण चोपून सपाट करतात. ते वाळलं की वरून तेल देतात.

खरी गंमत या तेलात आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक, पाणी न शोषणारा थर तयार होतो. तैलरंग वाळतात तेही असेच. तेल दिलेल्या मातीच्या जमिनी अमेरिकेत आधीपासून होत्या, पण ते तेल रवांडात आणणं महाग होतं. गटातला जैवरसायनशास्त्राचा अभ्यासक रिक झुझो याने स्वस्तात असं तेल बनवण्याची पद्धत शोधली.

चोपून सारवलेली जमीन महाराष्ट्राला नवी नाही. पण शेणाचं सारवण काही दिवसांनी पुन्हा करावं लागतं आणि पाणी सांडलं की ते मऊ पडतं. तेलाच्या थरामुळे जमीन झाडता येते, ओल्या फडक्याने पुसता येते.

कुटुंबांना ती फुकट मिळते का?

नाही. कुटुंब पैसे देतं आणि प्रशिक्षण घेतलेले स्थानिक गवंडी काम करतात. त्यामुळे गावात रोजगारही तयार होतो. पुढे हे काम शेजारच्या युगांडातही गेलं.

मर्यादा काय?

छप्पर गळत असेल किंवा घरात पाणी साचत असेल, तर मातीची जमीन टिकत नाही. जड वस्तू ओढल्या तर थर खरवडला जातो, मग डागडुजी लागते. स्वच्छ पाणी आणि शौचालय नसेल, तर आजारांच्या बाकीच्या वाटा उघड्याच राहतात. शिवाय मेक्सिकोचे आकडे सिमेंटच्या जमिनीचे आहेत. मातीच्या जमिनीलाही ते जसेच्या तसे लागू होतील असं गृहीत धरता येत नाही.

तरीही पूर्ण पक्कं घर बांधण्याइतके पैसे जमेपर्यंत एखाद्या कुटुंबाची पिढी निघून जाऊ शकते. जमीन मात्र आहे त्याच घरात, बाळ रांगायला लागण्याआधी बदलता येते.